एका कागदाची एकच प्रत

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. होते म्हणजे बसून होते. त्यांनी तिथे एखादा निर्णय घेतल्याचं कुणालाही आठवत नाही. मात्र कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे, हे ते डोळे मिटून सांगत, आणि सांगताना खरोखरच डोळे मिटत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी इमारतीतले लोक त्यांना 'रेकॉर्डवाले' म्हणतात. लोक चेष्टेनं म्हणतात. भाऊजींना तो किताब वाटतो.

त्यांच्या घरात चिठ्ठी न चिकटवलेली वस्तू सापडणार नाही. दिव्यांच्या बटणांना चिठ्ठ्या, चाव्यांना चिठ्ठ्या, औषधांच्या डब्याला चिठ्ठी आणि त्या डब्याच्या झाकणावर 'झाकण' अशी आणखी एक चिठ्ठी. ही शेवटची माझ्या पदरची भर आहे, पण तुम्हाला ती खरी वाटली यातच सगळं आलं.

मी अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. भाऊजींच्या लेखी ते काम म्हणजे स्क्रू फिरवणं. माझ्याशी बोलताना त्यांचं वाक्य "तुम्ही दुकानवाले" असं सुरू होतं आणि मान हलवण्यात संपतं. मला हा माणूस कधी आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ताईची गोष्ट वेगळी. ती कपडे शिवायला शिकवते, आणि तिच्याकडे येतात ती बाजारातल्या मापात न बसणारी माणसं. एक खांदा उतरलेला, पाठीला कुबड, एक हात आखूड, कमरेला पट्टा लावलेली. अशा अंगांसाठी शर्ट, कोट, झगा कसा कापायचा याचं पुस्तक ती सहा वर्षं लिहीत होती. मजकूर आणि आकृत्या, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. माउस धरून बाहीची गोलाई काढताना तिची जीभ लहान मुलीसारखी ओठाच्या कोपऱ्यात यायची. दोनशे चौदा पानं झाली होती, प्रत्येक पानाची वेगळी फाइल. शिवणशाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ते शाळेसाठी छापायचं कबूल केलं होतं. महिनाअखेरीला द्यायचं, एवढंच उरलं होतं.

मूळ वह्या होत्या. अकरा. त्या भाऊजींनी रद्दीत घातल्या.

"मजकूर आता कॉम्प्युटरात आला ना? मग वह्या कशाला?" ते म्हणाले. ताई म्हणाली, निदान पेन ड्राइव्हवर तरी घेऊन ठेवू. त्यावर त्यांनी डोळे मिटले. "एका कागदाची एकच प्रत. दोन झाल्या की खरी कुठली यावरून वाद होतो. एकतीस वर्षं मी हेच पाहिलंय." या माणसानं एकतीस वर्षांत वाद सोडून दुसरं काही पाहिलंच नसावं. ताईनं वाद घातला नाही. तिनं तो घालायला हवा होता, असं मला वाटत असे.

मग कॉम्प्युटर मंद झाला. सुरू व्हायला आधी दोन मिनिटं लागायची, ती सहा झाली, मग अकरा. भाऊजींनी ताबडतोब वही घातली. तारीख, बटण दाबल्याची वेळ, पडदा उजळल्याची वेळ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'असमाधानकारक', 'सुधारणा नाही', एकदा तर 'हेतुपुरस्सर विलंब' असं लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. यंत्राला समज द्यायची तेवढी बाकी होती.

निदानही त्यांनी स्वतःच केलं. कॉम्प्युटर मंद का? कारण आत पसारा आहे. कचेरीत फाइल सापडायला वेळ लागला की याचा अर्थ ती जागेवर नाही, आणि जागेवर लावली की झटकन सापडते. तेव्हा इथेही लावून ठेवायचं. डिस्कवर विखुरलेले तुकडे उचलून एका ओळीत बसवणारा एक प्रोग्राम असतो, तो त्यांना कुठल्याशा मासिकात सापडला. रोज सकाळी आठला ते तो लावत आणि एकपर्यंत समोर खुर्ची टाकून बसत. पडद्यावर रंगीत चौकोन हलत. तांबडे निळे होत, निळे एका रांगेत येत. भाऊजींच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तोवर ताईनं कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. "काम चालू आहे," म्हणत. दुपारनंतर तिची पाळी, आणि दुपारनंतर पान उघडायलाच पाच मिनिटं. शेवटच्या प्रकरणातल्या सात आकृत्या दुरुस्त करायच्या राहिल्या होत्या. बिचारी मशीनवर शिवत बसे आणि मधूनमधून उठून पान उघडलं का ते पाहून येई.

एका रविवारी मी गेलो. दारातच तो आवाज ऐकला. टक्, टक्, मग थोडं थांबून पुन्हा टक्. हार्ड डिस्कच्या आत एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक टोक पुढेमागे धावतं. एखादी जागा वाचता येईना की ते मागे येतं आणि पुन्हा धडपडतं. मंदपणा तो हा. अशी डिस्क मरायला टेकलेली असते. तिला जितकी कमी हलवाल तितकी ती टिकते. आधी मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यायचा, बाकीचं नंतर. आणि आमचे भाऊजी तिला रोज पाच तास कपाटं हलवायला लावत होते.

मी पोचलो तेव्हा कॉम्प्युटर मध्येच बंद पडला होता आणि ते तो पुन्हा चालू करत होते. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली: डिस्क निकामी होण्याच्या बेतात आहे, प्रत काढून घ्या, पुढे जाण्यासाठी अमुक कळ दाबा. भाऊजींनी ऐटीत कळ दाबली.

"रोज येते का ही?" मी विचारलं.

"तीन आठवडे येतेय. वाचली की पुढे पाठवायची." कचेरीत आलेल्या प्रत्येक परिपत्रकावर ते अशीच सही ठोकत असणार.

"भाऊजी, हा जो आवाज येतोय ना..."

"तुम्ही दुकानवाले आवाज ऐकला की पार्ट बदलायला धावता. तो आवाज कामाचा आहे. काम करणारा आवाज करतोच." आणि त्यांनी मान हलवली.

मी गप्प बसलो. अगदी मिठाची गुळणी धरली. खिशात किल्ल्यांच्या जुडग्याला पेन ड्राइव्ह लटकत होता. थोड्या वेळानं भाऊजी आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ अर्ध्या तासाची. ताईचं पुस्तक उतरवून घ्यायला, त्या रडक्या डिस्कवरूनसुद्धा, वीस मिनिटं पुरली असती. मी खुर्चीत बसून चहा प्यायलो. हा दीडशहाणा एक दिवस माझ्या दुकानाची पायरी चढेल, हातात कॉम्प्युटरचं खोकं असेल आणि तोंडातून "तुम्ही दुकानवाले" निघणार नाही, हे चित्र मी मनात रंगवत होतो. चहा छान झाला होता. डिस्क अजून महिनाभर तग धरेल, असा माझा अंदाज होता.

डिस्कनं चार दिवस धरला.

गुरुवारी भाऊजी खरोखरच पायरी चढून आले. हातात खोकं, मागे ताई. मला हवं होतं ते सगळं घडलं. आवाज पडलेला, डोळे उघडे, मानेची हालचाल नाही. "जरा बघता का?" असं ते म्हणाले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मी केबल बदलली, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली. टक्, टक् आणि मग तेही नाही. मेलेल्या डिस्कमधून मजकूर काढणारे लोक असतात, त्यांच्याकडे पाठवली. दहा दिवसांनी उत्तर आलं. टोक तबकडीला घासत राहिलं होतं, वरचा थर खरवडून गेला होता. फाइलींच्या नावांची यादी तेवढी हाती लागली. 'उतरता खांदा', 'कुबड, पुढून', 'कुबड, मागून', 'आखूड हात, बाही'. दोनशे चौदा नावं, एकही इकडचं तिकडे नाही. उघडलं की आत काही नाही.

यादी घेऊन मी ताईकडे गेलो. मुख्याध्यापिकाबाईंना तिनं आधीच फोन करून 'होणार नाही' म्हणून सांगून टाकलं होतं. भाऊजी कोपऱ्यात बसले होते. "मी तर रोज लावून ठेवत होतो," असं ते दोनदा म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. आता ताई त्यांना फैलावर घेणार, आणि घ्यायलाच हवं, म्हणून मी सरसावून बसलो.

ताईनं यादी शेवटपर्यंत वाचली. मग मला विचारलं, "त्या रविवारी तू आलास, तेव्हा तो आवाज येत होता?"

"हो."

"तुला कळलं होतं, कसला आहे ते?"

"मी सांगायला गेलो, पण भाऊजींनी..."

"कळलं होतं का?"

"हो."

"हे आंघोळीला गेले होते. मी स्वयंपाकघरात होते. मला का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "त्यांनी विचारायला हवं होतं."

"पुस्तक त्यांचं होतं का रे?"

तेवढ्यात कोपऱ्यातून भाऊजी म्हणाले, "जाऊ दे ना. त्याला काय बोलतेस? माझं चुकलं. तो सांगत होता, मी त्याला बोलू दिलं नाही." हे ते माझ्या बाजूनं बोलत होते, अगदी मनापासून. ज्या माणसाला मी जन्मभर कवडीची किंमत दिली नाही, तो माझी कड घेत होता, आणि मला ती हवी होती, याची मला किळस आली.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं," ती म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. माझ्यासमोरचा चहाचा रिकामा कप तिनं उचलला आणि आत नेऊन ठेवला.