जोडीदाराची थापी

आमच्या गवंडीकामात सिमेंट उसनं चालतं, डब्यातली भाजी चालते, पण आपली थापी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मूठ आपल्या हातानं घासून बसलेली असते, दुसऱ्यानं धरली की हात बिघडतो म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण हा नेम मोडत कोणी नाही.

म्हणून अकोल्यात एका घराचं प्लास्टर चालू असताना जोडीदारानं दुपारी आपली थापी धुऊन पुसून माझ्यापुढे धरली, तेव्हा मी हातातली भाकर परत डब्यात ठेवली. 'ठेव तुयापाशी. अब्बाची हाय, जपजो.'

हा मूर्तिजापूरचा गडी, दिवसभर माझी टिंगल करणारा. काही महिन्यांपासून गप्प झाला होता. आम्ही म्हणायचो, खांदा दुखत असेल. आम्हा मिस्त्री लोकांचं दुखणं खांद्यात नाहीतर कमरेत, तिसरी जागाच ठाऊक नाही.

बापाची थापी देऊन टाकणारा मिस्त्री सगळंच सोडून निघालेला असतो, असं वाटलं. मी फटकळ माणूस. सरळ विचारलं, 'काहून? जीव द्याचा हाय काय मनात?'

तो चिडला नाही. मान खाली घालून 'हो' म्हणाला. 'झोप नाही भाऊ. कोनाले सांगू?'

मला रडू आलं अन् रागही. 'मले सांग ना लेका! इतकी वर्सं कोनासंग काम करून राहिला?'

कालवलेला माल घमेल्यात सुकला, सुकू दिला. ठेकेदार कुरकुरला. त्याला म्हटलं, भिंत उद्याही होईल. त्याच्या बायकोला, भाभीला, फोन करून बोलावलं अन् तिघं सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे गेलो. रांगेत तो पुटपुटला, 'लोक पागल म्हनतीन.'

'खांदा निखळला तवा हाडाच्या डॉक्टरकडे गेलता. कोन हसलं?'

गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. भाभी त्याला एकटं सोडत नव्हती, मी रोज संध्याकाळी जायचो. तो नुसता भिंतीकडे बघत बसायचा. एके दिवशी बघता बघता म्हणाला, 'हे प्लास्टर कोनं केलं? फुगलं हाय.' भाभी तोंडाला पदर लावून रडली. मला मात्र हसू आवरेना.

परवा तो कामावर आला. माझी भिंत बघून नाक मुरडलं, मग हात पुढे केला.

'माही थापी दे. वापरली तं नाही ना?'

'हात नाही लावला.'

मूठ चाचपून तो परांचीवर चढला, अन् वरून ओरडला, 'माल आन बे, झोपला काय?'