डाव्या बाजूचा रस्ता

डोंगर चढणाऱ्या गाडीला साडी गार्ड लावायचं म्हटल्यावर जयदीप हातातला पाना खाली ठेवून हसला.

"काका, पैलवानाला पैंजण घालायला सांगताय राव!"

"तू जाळी धर. वेल्डिंग मी मारतो," किसनकाका म्हणाले.

चिखलीतल्या जयदीपच्या गॅरेजात किसनकाका ओव्हाळ आताशा जवळजवळ रोजच असत. चाकणच्या कंपनीतल्या प्रेस शॉपमधून निवृत्त झाल्यापासून त्यांना कासारवाडीच्या घरात बसवेना. पहिल्या शिफ्टच्या वेळेला जाग यायची आणि जायला कुठं नसायचं. चिमाकाकू भोसरीच्या पॅकिंग कंपनीत अजून कामाला होत्या. त्या डबा घेऊन निघाल्या की काका गॅलरीतून कंपनीची बस वळेपर्यंत बघत. मग मिक्सर उघडत, चांगला चालणारा पंखा खाली उतरवत, स्टेशनपर्यंत विनाकारण जाऊन येत.

जिन्याखाली मुलाची गाडी उभी होती. मातीतल्या शर्यतींसाठी सिद्धेशनं तिचे आरसे, इंडिकेटर, मागची सीट, सगळं काढून टाकलं होतं. नोकरीसाठी तो जर्मनीला गेला आणि फोनवर म्हणाला, "पप्पा, विकून टाका." काकांनी विकली नाही. डांबरावर चालेल आणि कच्च्या वाटेलाही नको म्हणणार नाही अशी ती करायची, असं त्यांनी ठरवलं. आधी नाणेघाट, मग आंबोली, मग पुढचं पुढं.

दिवे, आरसे परत लागले. मोठ्या दातांचे टायर जाऊन दोन्ही रस्त्यांना चालतील असे आले. हँडल थोडं उंच झालं, इंजिनाखाली जाड पत्रा बसला. गाडी आता निघू शकत होती. काका निघत नव्हते. त्यांनी मागची सीट बनवून घेतली, ती उसवून पुन्हा मऊ करून घेतली. कॅरिअर कापला, परत जोडला. काहीतरी राहिलंय, काहीतरी राहिलंय, असं पुटपुटत ते गाडीभोवती फिरत राहत.

"काका, सगळं काम मागच्याच बाजूला चाललंय," जयदीप एकदा म्हणाला. "काकूंना विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात," काका म्हणाले आणि त्यांनी ग्राइंडर चालू केला.

विचारलं नव्हतं. रोज बसचे धक्के खाणारी बाई सुट्टीच्या दिवशी आणखी धक्के खायला कशाला येईल? आणि ती नाही म्हणाली, तर एवढ्या सगळ्या गाडीचं करायचं काय? त्यापेक्षा आणखी एक काम काढलेलं बरं. सगळ्यात शेवटी साडी गार्ड, आणि त्याच्याखाली पाय टेकायला लांब पट्टी. आता तिला नाही म्हणायला जागाच उरली नव्हती.

रविवारी त्यांनी गाडी दारासमोर आणून पुसली. काकू ओले हात झटकत खाली आल्या, गाडीला एक फेरी मारली.

"ही जाळी कशाला?"

"तुझा पदर चाकात जाऊ नये म्हणून."

"म्हंजे मी परत आडवीच बसायची?"

"मग कशी बसणार? आयुष्यभर तशीच बसलीस की."

"बसले ना. आधी लुनावर, मग स्कूटरवर, मांडीवर सिद्धेश. काय बघितलं? डावीकडची दुकानं आन् गटारं. पुढं काय आलं ते तुमच्या पाठीवरनं ओळखायचं. पाठ ताठ झाली की खड्डा, मागं रेलली की ट्रक."

काका फडकं पिळत राहिले. आपली पाठ इतकी वर्षं बोलत होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

"म्हंजे तू येणार न्हाईस."

"थांबा जरा."

काकू वर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि पँट होती. त्या साडीत जात, साडीतच घरी येत. कपडे कंपनीत बदलत. धुवायला आणलेला तो युनिफॉर्म काकांनी दोरीवर कितीदा पाहिला होता. अंगावर कधीच नाही.

"बघत काय बसलाय? गाडी धरा."

त्यांनी डावा पाय पट्टीवर ठेवला आणि उजवा पलीकडे टाकला. तो नुसताच लोंबकळत राहिला. त्या बाजूला होता फक्त सायलेन्सर.

"अहो, मला काय एकच पाय हाय?"

काका हसले. कितीतरी दिवसांनी, मोठ्यानं. मग लगेच उकिडवे बसून बोटांनी अंतर मोजायला लागले.

दुपारी दोघं जयदीपच्या गॅरेजात होती.

"आता पैंजण उतरवायचे का?" जयदीपनं जाळीकडे बोट करून विचारलं.

"राहू दे रे," काकू म्हणाल्या. "डबा बांधायला होतील."

त्या गाडीवर बसल्या होत्या आणि काका खडूनं उजव्या बाजूला खूण करत होते.

"आणखी खाली घ्या. गुडघा दुमडतोय."

काकांनी खूण पुसली, खाली केली. मान वर न करता म्हणाले, "येणार का मग?"

"मापं काय शेजारणीची देतेय?"

संध्याकाळी पट्टी बसली, पाय भाजू नये म्हणून सायलेन्सरवर पत्रा बसला. मोशीच्या पुढं ट्रकांच्या रांगेतून गाडी चाकणकडे निघाली. काकांची पाठ ताठ व्हायच्या आधीच मागून आवाज आला, "खड्डा!" थोड्या वेळानं, "डावीकडनं टेम्पो घुसतोय." मग, "तुमचं हेल्मेट आड येतंय हो."

काकांनी मान थोडी वाकवली.

"सीट इंचभर वर घेऊ मग. उद्या खोलतो."

"आधी नाणेघाट," काकू म्हणाल्या. "मग काय खोलायचं ते खोला."