सहा हमालांनी उचललेली चोरी

ती घटना मी विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्यात मी तपासाचं काम पाहत होतो. एके सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच लालबागमधल्या एका फर्निचर कारखान्याचे मालक फिर्याद द्यायला आले. त्यांच्या कारखान्यातलं टेबल सॉ चोरीला गेलं होतं. टेबल सॉ म्हणजे लाकूड चिरायचं मशीन. खाली लोखंडी पेटी, वर जाडजूड बिडाचं टेबल आणि मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं.

"मी चार दिवस नाशिकला होतो. परत आलो तर जागा रिकामी," ते म्हणाले.

संशय कुणावर, हेही त्यांनी सांगून टाकलं. कारखाना बंद झाला होता, इमारत पुनर्विकासाला गेली होती. पण कारखान्याच्या पोटमाळ्यावर एक जुने सुतार मिस्त्री तीस वर्षं राहत होते, ते अजून तिथेच होते. मालकांचं बोलणं मृदू. शिपायालाही 'आपण' म्हणत होते. अशी माणसं ठाण्यात सगळ्यांना आवडतात. मलाही आवडले.

मिस्त्री निरोप मिळताच स्वतः चालत आले. सत्तरीचे, तळकोकणातले, एकटे. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"मशीन कुठे आहे?"

"विकलंय."

"दुसऱ्याचं मशीन?"

"दुसऱ्याचा कित्याक? कारखानो बंद करताना मालकान माका दिल्यान. त्याच्या डोळ्यासमोर विकलंय."

"दिल्याचा कागद आहे?"

"तीस वर्सां कामाक ठेवल्यान, तेचो कागद दिल्यान काय?"

हवालदार हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा गप्प झाला. मी विचारलं, मशीन घेतलं कुणी? त्यावर मिस्त्रींनी हाताची घडी घातली.

"ता सांगूचंय नाय. घेणारा चांगला माणूस आसा. तुमी तेका हय आणून बसवशात."

खोटं कशाला सांगू, तेव्हा मला ते चोरच वाटले. माल विकल्याचं कबूल करतो आणि गिऱ्हाईक लपवतो, अशा माणसाबद्दल पोलीस दुसरं काय समजणार? मी त्यांना नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. वरिष्ठ म्हणाले, "अटक दाखव. दोन दिवस आत बसला की बोलेल." मी एक दिवस मागून घेतला. म्हाताऱ्याचं वय पाहून मागितला, बाकी काही नाही.

संध्याकाळी मालक पुन्हा आले. हातात टाइप केलेला कागद होता.

"साहेब, म्हातारा माणूस आहे. तुरुंगात नको जायला. पोटमाळा सोडतो एवढं लिहून सही केली, की माझी काही तक्रार नाही."

मी कागद वाचला. त्यात मशीनचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. ज्याची वस्तू चोरीला जाते तो आधी वस्तू मागतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाहत आलो होतो. पाकीट गेलेलासुद्धा रोज येऊन विचारतो, सापडलं का? या गृहस्थांनी मशीनची चौकशी एकदाही केली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तो कागद मी मिस्त्रींसमोर ठेवला. सही केली तर सुटाल, हेही सांगितलं. त्यांनी तो वाचून माझ्याकडे परत सरकवला.

"मी चोरी करूक नाय आणि सही करूचंय नाय. काय करूचा ता करा."

 

त्याच दुपारी खबर लागली. भायखळ्याच्या भाजीबाजाराबाहेर उभा राहणारा एक टेम्पोवाला माझ्या ओळखीचा होता. मशीनचं वर्णन ऐकताच तो म्हणाला, "साहेब, ते धूड मीच नेलं की! सहा हमाल लागले. गिरगावात एका वाडीत, तळमजल्यावर उतरवलं."

"किती वाजता नेलंस?"

"सकाळी अकराला. अख्खी गल्ली बघत होती."

ही तर आणखी गंमत. दिवसाढवळ्या सहा हमाल लावून, आरडाओरडा करत चोरी कोण करतो?

हवालदार आणि दोन पंच घेऊन मी गिरगावात गेलो. एका चाळीच्या तळमजल्यावर, वडिलांच्या बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी सुतारकाम मांडलं होतं. भिंतीवर रंधे आणि पटाशा ओळीने लावलेल्या. एका कोपऱ्यात दोन अर्धवट स्टुलं. मधोमध ते मशीन. बाई चष्म्यावरचा भुसा पुसत पुढे आल्या. चोरीचा माल जप्त करायला आलोय म्हटल्यावर आधी त्या पांढऱ्या पडल्या. मग जो आवाज चढला, तो वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावर येईपर्यंत उतरला नाही.

"चोरीचा? सदतीस वर्षं नोकरी केली मी, टाचणी घरी आणली नाही! दोन वर्षं असं जुनं मशीन शोधत होते. नवं परवडत नाही म्हणून. आणि तुम्ही शेजाऱ्यांसमोर मला चोर म्हणता?"

"ताई, चोर म्हटलेलं नाही. मिस्त्रींनी मालकाच्या नकळत..."

"नकळत? मालक तर तिथेच उभे होते! माझ्यासमोर मिस्त्रींना म्हणाले, लवकर न्यायला सांगा, जागा मोकळी होऊ दे."

"हे सिद्ध कसं करणार?"

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. जुनं मशीन घेताना ते चालवून बघायचं आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, म्हणजे नंतर बिघाड निघाला तर दाखवता येतो, असं त्यांना सुतारकाम शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. व्हिडिओत मशीन चालू होतं. बाईंनी टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं केलेलं दिसलं. पातं गरगरत होतं आणि नाणं पडत नव्हतं, म्हणजे मशीन थरथरत नव्हतं. मग मिस्त्रींनी बटण दाबलं. पातं थांबता थांबता फोन वळला आणि दारात फिर्यादी मालक दिसले. शब्द स्वच्छ ऐकू आले. "मिस्त्री, तुम्हाला दिलंय ना? मग लवकर न्यायला सांगा. जागा मोकळी होऊ दे."

फोनमधली तारीख फिर्यादीत सांगितलेल्या नाशिकच्या चार दिवसांतली होती.

मी पंचांसमोर सगळं पाहिलं, पंचनामा केला. मशीनला सील लावून ते बाईंकडेच सुपुर्दनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळायला, ठेवलं. बाईंनी पंचनाम्याची ओळ न् ओळ वाचली, दोन ठिकाणी मला शुद्धलेखन सुधारायला लावलं आणि मगच सही केली.

मालकांना बोलावून पुरवणी जबाब घेतला. नाशिकला कधी गेलो, कुठे उतरलो, सगळं त्यांनी हसतमुखाने सांगितलं. सही झाल्यावर मी बाईंकडून घेतलेला व्हिडिओ लावला.  तो संपताच ते खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "साहेब, आपण दोघे समजूतदार आहोत."

"मी नाही," मी म्हणालो.

वरिष्ठ नाराज झाले. प्रतिष्ठित फिर्यादी, वरून फोन आलेले. प्रकरण आपसात मिटवून टाक, असा सल्ला मिळाला. मी स्टेशन डायरीत सगळं सविस्तर लिहिलं. सही करण्यासाठी दाखवलेल्या त्या कागदाचंही लिहिलं, तो मी स्वतः मिस्त्रींसमोर ठेवला होता हेही. मग न्यायालयात 'ब' समरीचा अहवाल पाठवला. फिर्याद जाणूनबुजून खोटी केली आहे, असा त्या अहवालाचा अर्थ. न्यायालयाने तो मंजूर केला. खोट्या फिर्यादीबद्दल मालकांवर वेगळी कारवाई सुरू झाली, आणि पोटमाळ्याच्या बदल्यात नव्या इमारतीत जागा मिळावी म्हणून मिस्त्रींनी लढा चालू ठेवला. सील काढायला मी स्वतः गिरगावात गेलो. मिस्त्री तिथे होते. बाईंनी आम्हा दोघांना चहा दिला आणि मला पुन्हा एकदा ऐकवलं, की शेजाऱ्यांसमोर झालेला तमाशा त्या विसरलेल्या नाहीत. मी माफी मागितली. तीही शेजाऱ्यांसमोर, कठड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

पोलिसाला एक वाईट सवय लागते. जो नमून बोलतो तो त्याला खरा वाटतो आणि जो उलट बोलतो तो गुन्हेगार. या प्रकरणात सगळ्यात गोड बोलणारा खोटा होता. ज्या दोघांनी मला तोंडावर सुनावलं, त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. मिस्त्रींनी एक नाव तेवढं लपवलं, आणि तेही दुसऱ्याला त्रास नको म्हणून. एक दिवस मागून घेतला नसता, तर मी त्या माणसाला अटक केली असती आणि कदाचित त्या कागदावर त्यांची सहीसुद्धा पाहिली असती. हे आठवलं की आजही लाज वाटते.

कार्यालयाच्या हिशेबी तो तपास वाया गेला. अटक नाही, ठाण्यात जमा मुद्देमाल नाही, दोषारोपपत्र नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या कामगिरीची यादी वाचली गेली, तेव्हा त्यात तो गुन्हा नव्हता. मग बोलायची पाळी आली तेव्हा मी उठलो आणि तेवढा एकच सांगितला.