आणि नाही वाजलं तर?

"वाजलं तर कळेलच. आणि नाही वाजलं तर?"

हा त्यांचा प्रश्न. विचारताना त्या समोर उभ्या नसायच्याच. प्रश्न टाकून पुढच्या खोलीत गेलेल्या असायच्या आणि उत्तर घेऊन आपण त्यांच्या मागे धावायचं. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. खुर्ची दिली तर त्यावर पिशवी ठेवतात आणि स्वतः उभी राहतात. आमच्या सिस्टर तशा होत्या. चहासुद्धा त्या खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत प्यायच्या, आणि शेवटचा घोट हमखास टेबलावर राहून जायचा.

मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, जीन्सच्या दुकानांवरच्या एका माळ्यावर काम करतो. आम्ही तापमानाचा इशारा देणाऱ्या डब्या बनवतो. फ्रिजमध्ये वायरच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी चिप. बाहेर डबी, तिच्यावर आकडा आणि आत भोंगा. औषधांची दुकानं, लॅबोरेटरी, दवाखाने, सगळीकडे जातात. बदलापूरजवळच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात लसींचा जाड अस्तराचा फ्रिज होता, लाइट गेली तरी बराच वेळ गार राहणारा, तिथे डबी बसवायला गेलो तेव्हा सिस्टर पहिल्यांदा भेटल्या. पन्नाशी ओलांडलेली, काटक अंगाची बाई. पायांत कॅनव्हासचे बूट.

"ही सतत बघते की मधेमधे?" त्यांनी विचारलं.

"दर चार सेकंदांनी मोजते. आकडा स्वतःजवळ ठेवते, आपण विचारला की सांगते. आणि आठच्या वर गेला तर न विचारताच ओरडते."

लसी दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात, हे मला डबी बनवताना कळलं होतं. सिस्टरांच्या तर रक्तातच होतं. सकाळ-संध्याकाळ फ्रिजचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, असा नियम. सिस्टर रविवारीही बदलापूर गावातल्या घरून चालत यायच्या. दिवाळीच्या दिवशी अंगाला उटण्याचा वास आणि हातात रजिस्टर, असं मी त्यांना पाहिलंय. त्यांचे यजमान म्हणायचे, "आमच्या घरातला फ्रिज हिला सवतीसारखा वाटतो. खरा संसार तिकडे."

डबी बसवल्यावर महिनाभर त्यांनी तिला फैलावर घेतलं. जुना थर्मामीटर शेजारी ठेवून दोघांचे आकडे ताडून बघायच्या आणि मला फोन करायच्या. नमस्कार वगैरे काही नाही. "इंजिनियर, चार पॉइंट तीन. माझा चार सांगतोय." मी डिप्लोमावाला. जगात मला इंजिनियर म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

तक्रार आली ती वेगळीच. लसीकरणाच्या दिवशी फ्रिजचं दार सारखं उघडायचं, बाहेरची गरम हवा आत जायची, चिप ओरडायची. बाळं दचकून रडायची. मोठे डॉक्टर वैतागले. "ती डबी काढा तरी, नाहीतर मला रजा द्या."

मी म्हटलं, सोपं आहे. चिपला सांगता येतं, की एकदा आकडा चढला म्हणून ओरडू नकोस. सलग सहा वेळा चढलेला दिसला, तरच ओरड. म्हणजे अर्धा मिनिट जवळजवळ. तेवढ्यात दार बंद होतंच. ही सगळी सेटिंगं चिपमध्ये एकाच आकड्यात भरलेली असतात. मी कारखान्यात बसून तो आकडा बदलला, दवाखान्यात जाऊन चिपमध्ये भरला, आणि सिस्टरांसमोर चिप चिमटीत धरली. जरा वेळाने डबी वाजली. टुक. मी बोटं काढली.

"पूर्वी जास्त वेळ वाजायची ना रे?"

"आता शहाणी झालीय, सिस्टर."

हे माझं वाक्य. विसरता येत नाही.

एप्रिलमध्ये त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, जुन्नरकडे. त्या जायला तयार नव्हत्या. दोन दिवस फ्रिजकडे कोण बघणार? यजमानांनी मला फोन करून गळ घातली. मी दवाखान्यात गेलो आणि म्हटलं, "सिस्टर, ही डबी कशाला आहे मग? जा बिनधास्त. वाजली तर इथले शिपाईकाका मला फोन करतील. मी अंबरनाथला राहतो, वीस मिनिटांत पोचतो."

"आणि नाही वाजली तर?"

"नाही वाजली म्हणजे सगळं ठीक आहे."

त्यांनी रजिस्टर बंद केलं. मग शुक्रवारी सकाळी गेल्या. अबोली रंगाच्या साडीवर तेच कॅनव्हासचे बूट होते, असं शिपाईकाकांनी मला नंतर सांगितलं.

शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. त्या दिवशीही गेली आणि दुपारी आली. फ्रिज ज्या स्टॅबिलायझरवर होता तो मात्र पुन्हा चालू झाला नाही. संध्याकाळी कधीतरी शिपाईकाकांना आतून एक टुक ऐकू आली. त्यांना वाटलं, कोणी दार उघडलं असेल. शनिवारी, रविवारी डबी वाजली नाही. वाजली नाही म्हणून ते आत गेले नाहीत. त्यांना दोष देऊ नका. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

रविवारी उन्हं उतरताना फोन आला.

"इंजिनियर, एकोणीस."

एवढंच. मला वाटलं, डिस्प्ले बिघडला. बाइक काढली आणि बदलापूरच्या रस्त्याला लागलो. फोन मात्र सारखा खिशात चाचपत होतो. पोचलो तर सिस्टर लग्नाच्या साडीतच फ्रिजसमोर उभ्या. पिशवी अजून खांद्याला. डबीवर स्पष्ट आकडा, एकोणीस. चिप खरं सांगत होती, दोन दिवस खरंच सांगत होती. आणि डबी गप्प होती.

लसीच्या कुपीवर एक चौकोन असतो, उष्णता लागली की तो गडद होत जातो. त्या एकेक कुपी उजेडाकडे धरून बघत होत्या. पोलिओच्या कुप्यांवरचे चौकोन गडद झाले होते. बाकीचे पुष्कळसे फिकेच होते.

मोठे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणाले, "सिस्टर, पोलिओ तेवढी काढून टाका. बाकीचे चौकोन ठीक आहेत. दोन दिवसांचे आकडे रजिस्टरमध्ये भरून टाका. चार, साडेचार. कशाला वाढवताय?"

"डॉक्टर, दूध नासलं तर फुटतं, वास येतो," सिस्टर म्हणाल्या. "लस नासली तरी पाण्यासारखीच दिसते. बाळ रडतं तेही तेवढंच. आईला वाटतं झालं काम. कोणाला कधी कळणार?"

त्यांनी सगळ्या कुप्या एका खोक्यात भरल्या, वर 'वापरू नये' असं लिहून चिकटवलं. मग रजिस्टर उघडलं. दोन्ही दिवसांच्या रकान्यांत त्यांनी लिहिलं, 'पाहिलं नाही.' खाली, 'रविवार संध्याकाळ, एकोणीस.' आणि सही. मी शेजारी उभा होतो. त्या पानावर माझं नाव कुठेच नव्हतं.

सोमवारी लसीकरण होतं. नऊ वाजल्यापासून त्या फाटकातच उभ्या, येणाऱ्या प्रत्येक आईला सांगत होत्या, "आज लस नाही. फ्रिज बंद पडला होता." वीटभट्टीवरून आलेली एक बाई कडाडली, "आमचा खाडा झाला त्याचं काय? पोर काखेत मारून तीन मैल आले मी!" सिस्टरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिची भट्टी कुठली, विचारलं. शनिवारी नव्या लसी आल्या, तेव्हा निळी लसपेटी खांद्याला लावून त्या स्वतः भट्टीवर गेल्या.

मंगळवारी त्या कॅम्प दोनला आमच्या माळ्यावर आल्या. जिना चढून आल्या, धाप लागलेली, तरी बसल्या नाहीत.

"चूक कळली का तुला? मग मला समजाव."

दोन रात्री मी झोपलो नव्हतो आणि चूक मला सापडली होती. मी टेबलावरची चिप दाखवली. "इशारा द्यायच्या हिच्या दोन पद्धती आहेत, सिस्टर. एकीत, गरम आहे तोवर इशारा चालू राहतो. दुसरीत, कोणी आकडा वाचून नेला की चिप समजते निरोप पोचला. मग ती गप्प होते. तापमान खाली येऊन पुन्हा चढेपर्यंत गप्पच राहते. मी सहा वेळांचं सेटिंग बदलायला गेलो, त्याच आकड्यात ही दुसरी पद्धत चुकून चालू झाली. आणि डबीवर आकडा दाखवायला माझा प्रोग्राम दर चार सेकंदांनी वाचत होताच."

सिस्टर येरझाऱ्या घालायच्या थांबल्या.

"म्हणजे ती ओरडली. आणि तुझा प्रोग्राम म्हणाला, कळलं, गप्प बस."

"हो."

"आणि कळलं कोणाला?"

"कोणालाच नाही."

"अशा किती डब्या गेल्यात?"

"सतरा. तुमच्यानंतरच्या सगळ्यांत हेच सेटिंग भरलंय."

आमचे मालक सिंधी, आम्ही त्यांना साईं म्हणतो. ते कोपऱ्यातून म्हणाले, "बहेनजी, टेन्शन मत लो. ये लडका जाऊन सगळ्या बदलून येईल. सर्विसिंग बोल देगा, बस."

"सर्व्हिसिंग नाही म्हणायचं," सिस्टर म्हणाल्या. "चूक झाली म्हणायचं. नाहीतर ते लोक मधल्या दिवसांचा माल तपासणार कसे?"

साईंनी गिऱ्हाइकांची यादी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "जा. सच बोल."

मला वाटलं, मी एकटा जाईन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथ पश्चिमेला, पहिल्या मेडिकलच्या पायरीवर सिस्टर उभ्या होत्या. रजा टाकली होती. म्हणाल्या, "तू पहिलं वाक्य गिळशील, म्हणून आलेय." खरं सांगायचं तर मी गिळणारच होतो.

तीन दिवस आम्ही फिरलो. दारात शिरलं की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी म्हणायचो, "डबीत चूक झालीय. माझी." कोणी चहा दिला, कोणी शिव्या दिल्या. नवं सेटिंग भरून झालं की सिस्टर स्वतः चिप मुठीत धरायच्या आणि तीनशेपर्यंत मोजायच्या. तोवर डबी बोंबलत राहायला हवी. विठ्ठलवाडी डेपोजवळच्या मेडिकलवाल्याने कानात बोटं घातली. गिऱ्हाइकं पळाली. "मॅडम, बस करा, कळलं!"

"कळलं म्हणू नका," सिस्टर म्हणाल्या. "एकशेऐंशी. एकशे एक्याऐंशी."

मी हसलो. कित्येक दिवसांनी हसलो असेन.

रिक्षात मी एकदा विचारलं, एवढी तगमग कशासाठी? त्या बाहेर बघत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत हजारो पोरांना टोचलं रे. त्यातलं एखादं पाणीच गेलं असेल का माझ्या हातून, हे मला कधीच कळणार नाही. ते आत वळवळत राहतं."

बाराव्या ठिकाणी, एका छोट्या मेडिकलमध्ये, मी तोंड उघडायच्या आत सिस्टर काउंटरच्या आत शिरल्या होत्या. डबीवर आकडा होता साडेअकरा. दुकानदार निवांत पेपर वाचत होता. फ्रिजचं दार एका खोक्याला अडकून बोटभर उघडं राहिलं होतं, सकाळपासून की कालपासून, त्याला सांगता येईना. आत इन्सुलिन होतं, रोजची गिऱ्हाइकं ठरलेली. सिस्टर एकेक खोकं बाहेर काढत होत्या. मी दारात अडकलेलं खोकं सोडवलं. आम्ही सर्व्हिसिंग म्हणून आठवड्याने आलो असतो तर?

सतराही डब्या झाल्या. साईं महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. सिस्टरांना कागद आला, अनुपस्थितीत लससाठा खराब झाल्याबद्दल खुलासा करावा. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी लिहून देतो. त्यांनी माझं पत्र जोडलं, पण वर आपलं एक वाक्य लिहिलं, 'मी पाहायला हवं होतं.' दोन महिन्यांत त्यांची बदली झाली, तालुक्याच्या टोकाला, डोंगराखालच्या उपकेंद्रात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

तिथून फोन आला, "इंजिनियर, इथे डबी नाही. येऊन बसव." मी येतो म्हणालो. आज, उद्या, सीझन संपला की. पाच महिने गेले, मग एकदाचा जाऊन बसवली. आता त्या निवृत्त झाल्यात, लेकीकडे राहायला गेल्या म्हणतात, नंबर लागत नाही. बदलापूरच्या घराला कुलूप आहे, दोनदा जाऊन आलो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मी डबी बसवायला उपकेंद्रावर गेलो त्या दिवशी. मदतनीस बाई म्हणाल्या, "सिस्टर वाडीवर गेल्यात. कधी येतील काय सांगावं." मी डबी बसवली, तपासली, दोन तास थांबलो. संध्याकाळच्या डिलिव्हरीसाठी निघणं भाग होतं.

वळणावर आलो तेव्हा खालच्या शेतांच्या बांधावरून त्या चाललेल्या दिसल्या. निळी लसपेटी खांद्यावर, पदर खोचलेला. मागून एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन त्यांना गाठायला अर्धवट पळत होती आणि सिस्टर न थांबता, मान मागे वळवून तिला काहीतरी विचारत होत्या. मी बाइक थांबवली, हॉर्न दिला, हात हलवला. खूप लांब होतं. त्यांनी चालता चालताच पेटी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि बांध उतरून त्या करवंदीच्या जाळीआड गेल्या. मूल घेतलेली बाईही गेली. बांध मोकळा झाला. मी तरी बराच वेळ तिथे उभा होतो.