बाबांची उलटी गाठ

सैल झालेला स्क्रू घट्ट बसवायचा असेल तर भोकात काडेपेटीची काडी घालावी, हे अर्ध्या जगाला माहीत आहे. बाबा मात्र काडीचं गुल मोडून ती आधी दाढेखाली चावायचे. चावलेली काडी भोकात फुगून बसते, असं त्यांचं म्हणणं. गळक्या नळाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, तडकलेल्या ड्रमच्या चिरेत कपड्यांचा साबण दाबायचा, असले त्यांचे उद्योग. ते डावरे, त्यामुळे पट्टीची गाठ उलटी पडायची. डोळखांबकडच्या आमच्या गावात ती गाठ दिसली की काम कुणाचं ते सांगावं लागत नसे. लहानपणी माझ्याकडे काम एकच, बॅटरी धरायची. जरा हात हलला की ओरडा बसायचा, "हलू नको गो, भुताला उजेड दाखवतेस काय!"

गेल्या वर्षी म्हशाच्या जत्रेतून ते नवी पक्कड घेऊन आले आणि ती धड वापरायच्या आत गेले. आई एकटी राहिली. मी मुरबाडला असते. नोकरी, नवरा, भाड्याच्या खोल्या, सगळं तिथंच. तिला रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण राहत नव्हती, आणि आसपासची बरीचशी घरं कामाला बाहेर गेलेली, कुलूपबंद. काही झालं तर हाक मारायची कुणाला? मी तिला घेऊन जायचं ठरवलं होतं. पण बाई हटून बसली.

"मी कुठं येऊ? ह्यांची कामं अर्ध्यात राहिलीत."

मी कपाळावर हात मारला. कसली कामं? नळ गळत होता, एवढंच मला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी गेले तर नळ कोरडा. वर ट्यूबची पट्टी, आणि पट्टीला उलटी गाठ.

"कुणाकडनं करून घेतलंस?"

"कुणाकडनं कशाला? ह्यांनीच केलं," आई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

माझ्या अंगावर काटा आला आणि पाठोपाठ संतापही. त्यानंतर फडताळाची लोंबणारी बिजागरी नीट झालेली दिसली. मला राहवेना, मी स्क्रू फिरवून काढला. भोकात काडी होती, टोकावर दातांचे ठसे. मी ती झटकून टाकली आणि साबणानं हात धुतले. वेडेपणाच तो, पण धुतले.

शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुपारची ठोकठोक ऐकू येते गो. आमी त्या टायमाला नाय जात तिकडं. तुझी आय बोलत असते, नि कोणतरी तिला उत्तर देतंय."

"काकू, उगाच काय वाटेल ते!" मी उखडले. पण परतीच्या जीपमध्ये त्यांचंच बोलणं डोक्यात घोळत राहिलं. एक तर आईचं डोकं फिरत चाललं होतं, नाहीतर... ते 'नाहीतर' मी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

मग न कळवता, आठवड्याच्या मध्येच, मी रजा टाकून गेले. भर दुपार होती. उन्हानं गाव चिडीचूप, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. दार उघडंच होतं. लाईट गेलेली, आणि आत कोठीच्या खोलीतून टक टक आवाज येत होता.

आई दाराच्या बिजागरीपाशी उकिडवी बसली होती, माझ्याकडे अर्धी पाठ करून. अंगात साडीवरून बाबांचा सदरा, डोळ्यांवर त्यांचा दोरा बांधलेला चष्मा. पक्कड डाव्या हातात. माझी आई जन्मभर उजव्या हातानं काम करत आली आहे. जबडा हलत होता, काडी चावत होती.

"जरा दमानं घ्या," ती म्हणाली, तिच्याच आवाजात. आणि त्याच गळ्यातून जाड, खरखरीत आवाज आला, "मला शिकवू नको."

पळावं असं वाटत होतं. तेवढ्यात मागं न बघता तिनं बॅटरी माझ्यापुढे केली. "बॅटरी धर."

मी धरली. उजेड दारावर नाचायला लागला.

"हलू नको गो, भुताला उजेड दाखवतेस काय!"

मला रडूच फुटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण किती महिन्यांत तो ओरडा ऐकला नव्हता, आणि मला तो अजून हवा होता. मी दोन्ही हातांनी बॅटरी घट्ट धरली. उजेड थांबला. स्क्रू आत गेला. आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बाबा, मुरबाडला माझा पण नळ गळतो. कुणाला जमत नाही. येता काय?"

पक्कड थांबली. काडी पुन्हा दाढेखाली गेली.

"येईन की. आधी तुझ्या आयला विचार. ती एकटी नाय राहायची."

मग तिनं चष्मा काढला, सदऱ्यानं तोंड पुसलं आणि वळून बघितलं. "अगो, तू कधी आलीस? नि रडतेस कशाला?"

"आई, बाबा मुरबाडला यायचं म्हणतायत."

मला वाटलं, आता चिडणार.

"हे येतायत?" ती उठली, पक्कड बाबांच्या हत्यारांच्या, जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली. "मग मी काय इथं भिंती राखत बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीप पकडली. आई डबा मांडीवर घेऊन बसली, पण खिडकीकडची जागा सोडून. आमच्याकडच्या जीपमध्ये बोटभर जागा कुणी रिकामी ठेवत नाही. ड्रायव्हर लगेच ओरडला, "मावशी, आत सरका, अजून एक बसतोय."

आई जागची हलली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ती जागा भरलीय," मी म्हटलं. "आम्ही तिघं आहोत."