कमळकाकडीचं कालवण
कमळकाकडी शिजल्याचा वास आला की जपानमधल्या त्सुकुबातली शेजारीण आठवते. भूकंपात अणुभट्टी फुटली, त्यानंतरचं वर्ष होतं, सून गरोदर होती आणि मला प्रत्येक भाजीत किरणोत्सर्गाचा संशय यायचा. शेजारणीने जपानच्या दूर दक्षिणेतल्या आपल्या माहेरच्या पद्धतीचं कमळकाकडीचं कालवण आणून दिलं. “बाबा, भाज्या तिच्या आईने गावाहून पाठवल्यात, मुद्दाम माझ्यासाठी,” सून म्हणाली. “असं सगळेच सांगतात,” मी पुटपुटलो आणि ती आंघोळीला गेल्यावर ते कचऱ्याच्या पिशवीत ओतलं. “फर्मास होतं, मीच संपवलं,” असं तिला सांगितलं. तिथल्या पिशव्या पारदर्शक असतात, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्यांनी कचरा नीट वेगळा केलाय का ते तपासायची पाळी शेजारणीची होती. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. “माझं काय चुकलं, बाबा?” सून वर्षभर विचारत राहिली. पोरी, आज सांगतो, तुझं काहीच चुकलं नव्हतं.