पोत्यातले चाकू

औंढ्याच्या डोंगरामागच्या तांड्यावर नेमसिंग राहायचा. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलं होतं. रेल्वे आल्यावर ते काम संपलं आणि घराच्या वाट्याला डोंगरउताराची मुरमाड जमीन आली. बैलांची विद्या मात्र हातात राहिली. आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाचा बैल लंगडू लागला, खुरात काटा मोडला, की नेमसिंगला बोलावणं जायचं. बैल आडवा पाडून तो खूर मांडीवर घ्यायचा आणि बंडीच्या खिशातून मिटता चाकू काढायचा.

त्याला चाकूंचा नाद लागला तो एकोणीसशे बत्तीस-तेहतीस साली. हिंगोलीतल्या एका गाडीवानाने बैल बरा केल्याबद्दल त्याला घरात पडलेला जुना चाकू दिला. त्याच्या पाठीला लोखंडी आकडा होता. तो कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना. नेमसिंग तो घेऊन यासीनमियाँ नालबंदाकडे गेला. हिंगोलीला पलटणीची छावणी होती तेव्हा यासीनमियाँने तरुणपणी घोडदळाच्या घोड्यांना नाल ठोकले होते. त्याने चाकू हातात घेतला आणि सांगितलं, की हा स्वाराचा. घोड्याच्या टापेत खडा अडकला तर या आकड्याने काढायचा.

त्या दिवशी नेमसिंग संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. छावणी केव्हाच उठून गेली होती, पण शिपायांचे, साहेबांचे चाकू बाजारात, घराघरांत राहून गेले होते. कुणी त्याने सुपारी फोडत होतं, कुणी दोराचा वाख कापत होतं. यासीनमियाँने त्याला जुना माल ओळखायला शिकवलं. चकाकीवर जाऊ नकोस, म्हणाला. पातं मिटताना कान दे. पात्याला ताण देणारी कमान चांगली असली तर एकच आवाज येतो, ठाम. मग मुठीची खीळ बघ, पात्याच्या बुडाशी कारखान्याचा ठसा आहे का बघ. नेमसिंगला अक्षर येत नव्हतं, पण ठशाचं चित्र एकदा पाहिलं की तो विसरत नसे.

पुढच्या पंधरा वर्षांत त्याच्याकडे तीस-बत्तीस चाकू जमले. हाडाच्या मुठीचे, शिंगाच्या मुठीचे, दोन पात्यांचे, तीन पात्यांचे. बैलाच्या उपचाराचा मोबदला म्हणून तो धान्याऐवजी चाकू मागून घ्यायचा. करडईच्या तेलाचं बोट फिरवून ते एका जुन्या धडप्यात गुंडाळून ठेवायचा. त्याची बायको जिवनबाई लोकांना सांगायची, की यांना माझ्या हातावरचं गोंदण ठावं नसंल, पण कुण्या चाकूला कुठं चीर हाय ते बराबर ठावं हाय.

आणि हळूहळू त्याला चाकूइतकाच चाकूचा धनीही ओळखता येऊ लागला. माणूस पातं कुठल्या बाजूने घासतो, मुठीवर अंगठा कुठे टेकतो, तंबाखू कापतो की दोर, हे सगळं लोखंडावर आणि शिंगावर उमटतं. जत्रेत हरवलेल्या चाकूवरून दोघांत भांडण लागलं, तर तो दोघांचे हात बघायचा आणि चाकू कुणाचा ते सांगायचा. त्याचा निवाडा कुणी मोडत नसे.

अठ्ठेचाळीस साली उन्हाळ्यात हैदराबाद राज्यात धामधूम माजली. हत्यारं जमा करा असा वरचा हुकूम आहे, असं सांगत माणसं गावोगाव फिरली. तलवारी-भाले कुठून असणार? लोकांनी कुऱ्हाडी दिल्या, विळे दिले, खिशातले चाकू दिले. नेमसिंगने धडपं तसंच्या तसं उचलून दिलं. प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी बांधली गेली आणि सगळं बाजारगावच्या चौकीत गेलं. त्या पावसाळ्यात कितीतरी घरं गाव सोडून रानात राहिली. तांडाही महिनाभर डोंगरात होता. भादव्याच्या मध्यावर फौज आली, राज्य पालटलं. पण जी माणसं गेली ती गेलीच. काही मेली, काही कुठे निघून गेली ते कळलं नाही.

दिवाळीनंतर नेमसिंग आपले चाकू मागायला चौकीत गेला. तिथे व्यंकटराव नावाचे नवे कारकून आले होते. त्यांनी कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. पावसाचं पाणी शिरून चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. सगळे चाकू एकमेकांत मिसळून गंजले होते.

व्यंकटराव म्हणाले, "आठवडाभरात हे सगळं भंगारात जाईल. तुमचे कुठले, ते तरी ओळखता येतील का तुम्हाला?"

"माजेच काहून साहेब," नेमसिंग म्हणाला, "समद्यांचे वळखतो."

त्यांना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी बसायला जागा दिली. नेमसिंग तीन दिवस चौकीच्या ओसरीवर बसला. वाळू आणि तेलाने एकेक चाकू साफ करायचा, उघडायचा, मिटायचा, मुठीवर अंगठा टेकवून बघायचा आणि नाव सांगायचा. गावोगावच्या बैलांचे खूर धरताना त्याने ही सगळी माणसं जवळून पाहिली होती. व्यंकटराव नावं लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या हातात एक स्वस्त बाजारी चाकू आला. कमान पार तुटलेली होती. पातं उघडं राहावं म्हणून धन्याने बुडाशी तारेचे वेढे दिले होते, आणि ती तार वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. नेमसिंगने तो बराच वेळ खाली ठेवला नाही. व्यंकटरावांनी नाव विचारलं तेव्हा म्हणाला, "संतराम."

संतराम डोंगराखालच्या गावचा कुणबी. एक्केचाळीस साली त्याचा बैल बघायला नेमसिंग गेला होता. तेव्हा संतरामने दाखवायला म्हणून आज्याचा चाकू आणला. सांबरशिंगाची मूठ, तीन पाती, ठसा शाबूत. तसा चाकू नेमसिंगने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने तो मिटला, एकच ठाम आवाज आला. आणि तो म्हणाला, की हा जुनाट झालाय, खीळ सैल आहे, फार दिवस चालायचा नाही. त्यापेक्षा माझ्याकडचा कोरा घे. संतरामने आनंदाने बदल केला. तो कोरा चाकू औंढ्याच्या जत्रेतला होता आणि त्याची कमान वर्षभरही टिकणार नाही हे नेमसिंगला देतानाच माहीत होतं.

संतराम त्यानंतर कैकदा भेटला. चाकूबद्दल एक शब्द बोलला नाही. रानात राहायची पाळी आली त्या महिन्यात तो तापाने गेला.

पोतं रिकामं झालं. नेमसिंगचे स्वतःचे चाकू, सांबरशिंगाचा धरून, पुन्हा धडप्यात गेले. व्यंकटरावांनी भंगाराचा विचार सोडला. चाकू पोचवायचं काम त्यांनी नेमसिंगवरच सोपवलं. सुगीचे दिवस होते, पण नेमसिंग गावोगाव हिंडला. लोक आपापला चाकू घ्यायचे, खिशात टाकायचे. हिंगोलीत यासीनमियाँच्या दाराला परकं कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, म्हातारा लेकीकडे हैदराबादला गेला. संतरामच्या गावाला नेमसिंग सगळ्यात शेवटी गेला.

संतरामची बायको गोजरबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. त्याला बघून तिने सूप खाली ठेवलं. नेमसिंगने तारेचा चाकू पुढे केला. तिने तो लगेच ओळखला आणि पदरात घेतला. मग त्याने धडप्यातून सांबरशिंगाचा चाकू काढून ओट्यावर ठेवला.

"ह्यो बी तुमचाच हाय, वैनी."

"ह्यो तं त्यायनं तुमाला देला व्हता."

"मी खोटं बोललो व्हतो," नेमसिंग म्हणाला. "खीळ सैल नव्हती. लई मोलाचा चाकू हाय ह्यो. मला पायजे व्हता म्हून तसं बोललो."

गोजरबाईने विचारलं, "त्यायला ठावं व्हतं का?"

"न्हाई."

"एकदा बोट चिरलं व्हतं त्यायचं, कमान तुटली तवा. मी म्हनलं, फेकून द्या त्याला. तं म्हनले, नेमसिंगभाऊनं देलाय, त्यो वंगाळ माल कसा दील? माझ्याच हातानं काई चुकलं असंल." ती हे हळू आवाजात, पाखडलेल्या ज्वारीकडे बघत बोलली. "मंग बसून तार गुंडाळली."

माफी मागावी म्हणून नेमसिंग वाकला, पण तिने सूप पुन्हा हातात घेतलं होतं. "ऱ्हाऊ द्या तिथं," ती एवढंच म्हणाली. तो वेशीपर्यंत गेला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. चाकू ओट्यावर तसाच होता.

जिवनबाई सांगायची, की त्या हिवाळ्यात तो जेवताना मधेच थांबायचा. बैल बघायला पूर्वीसारखाच जायचा, पण मोबदल्यात पुन्हा कधी चाकू मागितला नाही.

पोत्यातले सात चाकू चौकीतच उरले होते. त्यांचे धनी त्याला ओळखता आले नव्हते. वर्ष सरता सरता तो पुन्हा चौकीत गेला आणि म्हणाला, की नाव नसलं तरी माणूस सांगता येईल. नव्या चिठ्ठ्या लिहा. कुणी घरचं शोधत आलं तर त्याला कळेल. व्यंकटराव कागद घेऊन बसले. नेमसिंग एकेक चाकू उन्हात धरून सांगत गेला. हा डावखुऱ्याचा. हा तंबाखू खाणाऱ्याचा, हात थरथरणाऱ्याचा. याच्या मुठीला बारीक दातांच्या खुणा. घरात रांगतं लेकरू होतं.

व्यंकटराव मान खाली घालून लिहीत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "दात किती होते म्हणता?"

"दोन," नेमसिंग म्हणाला. "खालचे."

त्यांनी तेही लिहिलं.